मेंदू, मोहोळ आणि गोतसभा

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यांत, पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, मोडनिंब हें गांव आहे. १९०६ सालीं बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळमार्ग कुर्डुवाडीहून पंढरपुरापर्यंत नेण्यांत आला, तो याच गांवावरून. आणि पुढें कित्येक वर्षें वारकऱ्यांनीं खच्चून भरलेल्या त्याच्या चिमुकल्या गाड्या येथून पंढरीकडे जात असत. आज तो मार्ग रुंद झाला आहे. परंतु वाट तीच आहे. सर्व वाटा पंढरपुराकडे वळणाऱ्या या मुलखांत एक वाट मात्र उलट दिशेनें चालते. मोडनिंबापासून थोड्याच अंतरावर अरण हें गांव आहे. तेथें तेराव्या शतकांत सांवता माळी आपला मळा शिंपीत होते. १२५० ते १२९५ हा त्यांचा काळ मानतात. पंढरपूर इतकें जवळ असतां ते मळा सोडून तेथें गेले नाहींत. विठ्ठलच त्यांच्या मळ्यांत आला, अशी परंपरेची श्रद्धा आहे. त्या श्रद्धेची खूण म्हणून आषाढी आटोपल्यावर पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून अरणला येते. इतर संतांच्या पालख्या देवाकडे जातात. येथें देवाची पालखी माळ्याकडे येते.

भाविकाच्या दृष्टीनें हा भक्तीचा महिमा आहे. परंतु राज्यव्यवहाराचा विचार करणारासहि त्यांत एक प्रश्न दडलेला दिसेल. समाजाचा निर्णय कोठें व्हावा? जें कांहीं शहाणपण आहे तें मध्यभागीं, सिंहासनाजवळ किंवा राजधानींत, सांठलेलें असतें व तेथून चहूंकडे वांटलें जातें, कीं तें मळ्यामळ्यांतून विखुरलेलें असतें आणि मध्याचें काम तें गोळा करण्यापुरतेंच असतें? लोकशाही हा शब्द आज प्रत्येकाच्या तोंडीं आहे. पण खरी लोकशाही कोणती व नांवाची कोणती, हें या एका प्रश्नाच्या उत्तरावरून पुष्कळसें ओळखतां येतें. गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत मेंदूचा आणि प्राण्यांच्या समूहजीवनाचा जो अभ्यास झाला, त्यानें या प्रश्नावर अनपेक्षित प्रकाश टाकला आहे. आणि महाराष्ट्रांतील ग्रामसंस्थांचा इतिहास त्या प्रकाशांत वाचला असतां त्याचे गुण आणि दोष दोन्ही स्पष्ट दिसूं लागतात.

राज्य म्हणजे एक शरीर आणि राजा म्हणजे त्याचें मस्तक, ही उपमा फार जुनी आहे. प्राचीन रोममध्यें रुसून नगराबाहेर गेलेल्या सामान्य जनांना मेनेनिअस आग्रिप्पा यानें पोट आणि इतर अवयव यांची गोष्ट सांगून परत आणिलें, असें लिव्ही हा इतिहासकार लिहितो. समाजाला पुरुषाचें रूप देऊन कोणास मुख, कोणास बाहू व कोणास पाय ठरविण्याची कल्पना भारतांतहि पुरातन आहे. या उपमेचा निष्कर्ष ठरलेला असे: मस्तकानें आज्ञा करावी आणि पायांनीं मुकाट्यानें चालावें. निसर्गाकडे पाहतांनाहि माणसानें आपल्याच घरांतली व्यवस्था तेथें पाहिली. मधमाश्यांच्या पोळ्यांतील सर्वांत मोठी माशी म्हणजे पोळ्याचा राजा, असें युरोपांतील विद्वान् शतकानुशतकें समजत आले. सतराव्या शतकांत स्वामरडाम या डच शास्त्रज्ञानें सूक्ष्मदर्शकाखालीं त्या राजाचें विच्छेदन केलें, तेव्हां त्याच्या पोटांत अंडाशय आढळले! राजा म्हणून ज्याचें कौतुक चाललें होतें ती सर्व पोळ्याची आई निघाली. मग तिला राणी म्हणण्यांत येऊं लागलें. पण ती हुकूम सोडते ही समजूत पुढें पुष्कळ काळ तशीच राहिली.

मस्तकाविषयींच्या समजुतीचीहि हीच गत झाली. स्पेनमधील रामोन ई काहाल यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेंदूचे पातळ काप रंगवून पाहिले आणि मेंदू हें एकसंध जाळें नसून तो असंख्य स्वतंत्र पेशींचा समुदाय आहे, असें दाखविलें. ज्या इटालियन शास्त्रज्ञाच्या रंगविण्याच्या रीतीनें त्यानें हें दाखविलें, त्या गोल्जीचें मत मात्र अगदीं उलट होतें. १९०६ सालीं नोबेल पारितोषिक दोघांना मिळून देण्यांत आलें व त्या समारंभांतील व्याख्यानांतहि दोघांनीं आपापलें मत सोडलें नाहीं. पुढच्या संशोधनानें काहालचें म्हणणें खरें ठरविलें. माणसाच्या सुमारें १४०० ग्रॅम वजनाच्या मेंदूंत अदमासें ८६०० कोटी मज्जापेशी असतात, अशी मोजणी २००९ सालीं प्रसिद्ध झाली. या अफाट वस्तींत जिला सर्व कांहीं कळतें आणि जी इतर सर्वांना आज्ञा देते, अशी एकहि पेशी सांपडलेली नाहीं. प्रत्येक पेशीला थोडें कळतें. ती तें शेजारणींना कळविते. आणि त्यांच्या कळविण्याच्या बेरजेंतून पाहणें, आठवणें व ठरविणें हे व्यापार घडतात. मस्तकांत राजा नाहीं.

निर्णय कसा होतो हेंहि प्रयोगांनीं पुष्कळ उलगडलें आहे. १९९० नंतरच्या वर्षांत अमेरिकेंतील न्यूसम व शॅडलेन यांनीं माकडांना पडद्यावर हलणारे ठिपके दाखविले. ठिपके गोंधळलेले असत. त्यांतील अधिक ठिपके कोणीकडे सरकतात, डावीकडे कीं उजवीकडे, एवढें माकडानें ओळखावयाचें. तें होत असतां मेंदूंतील कांहीं पेशींचे संदेश डावीकडच्या पुराव्याबरोबर वाढत गेले व कांहींचे उजवीकडच्या. आणि एका बाजूचें माप ठराविक पातळीला पोंचलें कीं माकडाची नजर तिकडे वळे. म्हणजे निर्णय हा एकाएकी सुटलेला हुकूम नव्हे. पुरावा तोलीत तोलीत भरत गेलेलें तें माप आहे. पुरावा स्पष्ट असला तर माप लवकर भरतें, अस्पष्ट असला तर उशीर लागतो. घाई करावी तर चूक वाढते. सभेचें काम ज्यानें केलें आहे त्याला ही गोष्ट प्रयोगशाळेंत न जातांहि पटेल.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. मेंदूच्या बाह्य कवचांतील पेशींपैकीं सुमारें एक पंचमांश पेशींचें काम इतरांना चेतविण्याचें नसून आवरण्याचें असतें. त्या जणूं सारख्या ‘थांबा, जरा पाहूं द्या’ असें सांगत असतात. वरवर पाहणारास वाटेल कीं या अडथळा करणाऱ्या पेशी नसत्या तर मेंदूचें काम किती झपाट्यानें झालें असतें! परंतु निरोधाची ही शक्ति क्षीण झाली म्हणजे काय होतें, हें वैद्यांना ठाऊक आहे. पेशींचे थवेच्या थवे एकाच तालांत एकाच वेळीं चेततात, आणि माणूस शुद्ध हरपून कोसळतो. त्यालाच फेफरें म्हणतात. ८६०० कोटी पेशींचें एकमत हें आरोग्याचें शिखर नव्हे, तर तो आजार आहे. ज्या राज्यांत सर्वांच्या तोंडून एकच घोषणा निघते, विरोधाचा एक स्वर उठत नाहीं आणि त्यालाच एकी म्हणून गौरविलें जातें, त्या राज्याची प्रकृति तपासण्यास हें एक उदाहरण पुरेसें आहे.

दुसरें उदाहरण हाताचें आहे. कुष्ठरोगांत हातापायांचीं बोटें झडतात, तें रोगामुळें मांस कुजतें म्हणून, अशी समजूत दीर्घकाळ होती. वेल्लूर येथें काम करणारे डॉक्टर पॉल ब्रँड यांनीं विसाव्या शतकाच्या मध्यावर बारकाईनें पाहिलें, तेव्हां खरें कारण निराळेंच निघालें. रोगजंतु मज्जातंतूंचा नाश करतात. हाताला वेदना कळेनाशी होते. मग चुलीचा चटका, कुलुपाच्या किल्लीचा कांच, जोड्यांतला खडा, कशाचीच वर्दी वर पोंचत नाहीं, आणि जखमेवर जखम होऊन अवयव झिजत जातो. ज्या हाताकडून तक्रार येत नाहीं तो हात सुखी आहे असें मानणें किती घातक असतें, हें या एका शोधानें दाखविलें. वेदना ही शत्रु नसून बातमी आहे. हा रोग आतां औषधानें पुरता बरा होतो. परंतु समाजाच्या ज्या अवयवांची वेदना वर पोंचत नाहीं, त्यांच्यासाठीं निराळें औषध शोधावें लागतें. त्या औषधाचेंच नांव लोकशाही.

आतां मोहोळाकडे वळावें. १९४९ सालीं जर्मनींतील मार्टिन लिंडाऊर या तरुण शास्त्रज्ञाला, पोळें सोडून झुडपावर लोंबकळत असलेल्या मधमाश्यांच्या एका थव्यावर कांहीं माश्या नाचतांना दिसल्या. त्यांच्या अंगावर परागकण नव्हते. धुराडीं व पडक्या भिंतींतील काजळी आणि विटांची भुकटी होती. त्या मध शोधीत नव्हत्या, घर शोधीत होत्या. त्यांचें काम पुढें अमेरिकेंतील थॉमस सीली यानें अनेक वर्षें अभ्यासिलें. सुमारें दहा हजार माश्यांच्या थव्यांतून कांहीं शें अनुभवी माश्या चारी दिशांना जातात. कोणाला झाडाची ढोली सांपडते, कोणाला भिंतींतील भोंक. परत येऊन प्रत्येक माशी नाचानें जागेची दिशा आणि अंतर सांगते. जागा जितकी चांगली तितका नाच जास्त वेळ चालतो. परंतु तिच्या सांगण्यावर दुसरी माशी डोळे मिटून विश्वास ठेवीत नाहीं. ती स्वतः जाऊन जागा पाहते आणि मगच तिच्या बाजूनें नाचते.

या सभेचे आणखी दोन नियम ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. प्रत्येक फेरीनंतर माशीचा नाच थोडाथोडा ओसरत जातो, जागा कितीहि उत्तम असली तरी. म्हणून जुना हट्ट आपोआप विझतो आणि नव्या बातमीला जागा मिळते. खेड्यांतील भावकीच्या वैराला हा नियम लागू असता तर कितीएक दिवाणी दावे तीन पिढ्या चालले नसते! दुसरा नियम असा: एका जागेचा पुरस्कार करणारी माशी दुसऱ्या जागेसाठीं नाचणारणीला डोक्यानें ढुशी देऊन बारीक आवाज करते. हा ‘थांब’ असा संकेत आहे, हें सीली व त्याच्या सहकाऱ्यांनीं २०१२ सालीं दाखविलें. मेंदूंतील निरोधक पेशींशीं त्याचें साम्य त्यांनींच नमूद केलें आहे. अखेरीस एखाद्या जागीं वीस-तीस माश्या एकदम जमल्या कीं पुरेसा पुरावा झाला असें ठरतें आणि सारा थवा उठतो. राणी या सर्व काळांत घोसाच्या आंत स्वस्थ बसलेली असते. घर कोणतें हें तिला कोणी विचारीत नाहीं.

मेंदू आणि मोहोळ यांतून जो धडा निघतो तो थोडक्यांत असा: ज्ञान विखुरलेलें असतें, तें ज्याच्याजवळ आहे त्यानें स्वतः पाहून स्वतंत्रपणें सांगावें लागतें, आणि ‘थांबा’ म्हणणाराला जागा असावी लागते. या तीन कसोट्या घेऊन मराठी मुलखाच्या जुन्या ग्रामव्यवस्थेकडे पाहिलें तर काय दिसतें?

मराठेशाहींत वतनाचा, शिवेचा किंवा वारशाचा तंटा उपस्थित झाला म्हणजे तो पुष्कळदां गोतापुढें जाई. पाटील, कुळकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार, शेजारच्या गांवचे जाणते, असे सर्व मिळून गोतसभा होई. साक्षी घेतल्या जात, जुनीं कागदपत्रें पाहिलीं जात आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. अशा महजरांवर पाटलाच्या नांवापुढें नांगराची निशाणी असे आणि कारागीर आपापल्या हत्याराची खूण करीत. अक्षर येत नसलें तरी ज्ञान असतें, याची ती कबुलीच होती. सुताराला काय ठाऊक आहे तें सुतारच सांगेल, या जाणिवेनें तो कागदावर स्वतःच्या हत्यारासह उभा राहत असे. निर्णय दूरच्या राजधानींत न होतां ज्यांना बांध, विहीर व माणसें ठाऊक आहेत अशांच्या मेळाव्यांत होई. पहिल्या कसोटीला ही व्यवस्था बरीचशी उतरते यांत शंका नाहीं.

परंतु शिवेचा तंटा जरा जवळून पाहावा. गांवची शीव कोठून जाते याविषयीं महाराचा शब्द प्रमाण मानण्याची रीत होती. कारण गांवाची राखण करीत पिढ्यान् पिढ्या ती शीव तुडविणारा तोच असे. गांवाच्या अस्तित्वाचा पुरावा ज्याच्या स्मरणांत सांठविलेला, त्याचें घर मात्र गांवाबाहेर आणि बसण्याची जागा सभेपासून दूर! त्याच्याजवळचें ज्ञान गांवानें घेतलें. त्याची वेदना घेतली नाहीं. पाणवठ्यावरचा तंटा, वेठीचा जाच, बलुत्यांतील कमीजास्ती यांविषयीं त्यानें ‘थांबा’ म्हटलें तर तें ऐकून घेणारी सभाच नव्हती. स्त्रियांचीहि स्थिति याहून फार निराळी नव्हती. फिर्यादी म्हणून त्यांचीं नांवें कागदांत येतात, पंच म्हणून नव्हे. म्हणजे गोतसभेची रचना मेंदूसारखी होती, पण तिच्या एका हाताला संवेदना नव्हती. आणि ज्या हाताची बातमी येत नाहीं त्याला किती जखमा झाल्या, हें मस्तकाला शेवटपर्यंत कळत नाहीं.

१८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टन यानें जिंकलेल्या मुलखाविषयींचा आपला अहवाल १८१९ सालीं सादर केला. त्यांत त्यानें मराठी गांव हें जवळजवळ एक लहानसें राज्य असल्याचें वर्णून पंचायतीची रीत शक्य तितकी राखावी असा अभिप्राय दिला. परंतु हेतु चांगला असला तरी घडलें उलटें. रयतवारीचा सारा थेट सरकारशीं जोडला गेला, तंटे अदालतींत गेले, आणि गांवचा निर्णय गांवीं होण्याचें कारणच उरलें नाहीं. पुढें १९२० सालीं मुंबई इलाख्यांत ग्रामपंचायतींचा कायदा झाला, तो या तुटलेल्या दोऱ्याला गांठ मारण्याचा प्रयत्न होता.

ही गांठ मारतांना कोणती चूक होऊं शकते, हें सर्वांत स्पष्टपणें डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनीं दाखविलें. १९३२ सालीं मुंबईच्या कायदे मंडळांत ग्रामपंचायतींचें बिल आलें असतां दलितांना प्रतिनिधित्वाची हमी नसेल तर अशा पंचायतींना आपला विरोध राहील, अशी भूमिका त्यांनीं घेतली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटना समितीपुढें मसुदा मांडतांना तर त्यांनीं खेडें म्हणजे संकुचित वृत्तीचें व अज्ञानाचें आगर आहे, अशा आशयाचे कठोर उद्गार काढले आणि घटनेचा घटक गांव न धरतां व्यक्ति धरली याचें समर्थन केलें. त्या वेळीं अनेक सभासदांना त्यांचें बोलणें रुचलें नाहीं. त्याच महिन्यांत पंचायती स्थापण्याविषयींचें मार्गदर्शक तत्त्व घटनेंत घालण्यांत आलें व तें पुढें चाळिसावें कलम झालें. परंतु बाबासाहेबांचा आक्षेप गांवाच्या आकारावर नव्हता. बधिर हातावर होता. ज्या सभेंत कांहींजण केवळ ऐकावयाचे व कांहींजण केवळ बोलावयाचे, ती सभा कितीहि लहान आणि कितीहि जवळची असली तरी लोकशाही नव्हे, हें त्यांचें म्हणणें खोडतां येत नाहीं.

याच दशकांत मोडनिंबाच्या नैर्ऋत्येस, पंढरपूर व सांगोलें ओलांडून पुढें लागणाऱ्या आटपाडीच्या दुष्काळी माळावर एक निराळा प्रयोग चालू होता. आटपाडी तेव्हां औंध संस्थानांत होती. औंध हें बहात्तर गांवांचें छोटें संस्थान. त्याचे औंध, आटपाडी, कुंडल व गुणदाळ हे तालुके एकमेकांपासून तुटक पसरलेले. सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते व चित्रकार म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं १९३८ सालीं आपली सत्ता प्रजेच्या हातीं देण्याचें ठरविलें. या कामीं त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन नांवाचे पोलंडमधून आलेले एक इंजिनिअर पुढें होते. गांधीजींचा सल्ला घेण्यांत आला आणि जानेवारी १९३९ मध्यें औंधची स्वराज्य घटना अंमलांत आली.

या घटनेची रचना खालून वर जाणारी होती. गांवानें पांच जणांची पंचायत निवडावी. पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिति व्हावी. आणि तालुक्यांतून आलेल्या प्रतिनिधींची मध्यवर्ती सभा असावी. इतरत्र संस्थानिक प्रजापरिषदांच्या चळवळीशीं झगडत असतां येथें सिंहासन आपण होऊन बाजूला सरलें, ही लहान गोष्ट नव्हे. अरणच्या पालखीप्रमाणें येथेंहि मध्य कडेकडे चालत गेला. याच संस्थानांत आटपाडीजवळ १९३९ सालीं स्वतंत्रपूर वसविण्यांत आलें. शिक्षा झालेले कैदी तेथें भिंतीवांचून राहून शेती करीत, व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या ‘दो आंखें बारह हाथ’ या चित्रपटाचें मूळ या वसाहतींत आहे. ज्याला समाजानें बोलण्याचा हक्क नाकारला, त्याच्यावरहि विश्वास टाकून पाहावा, ही त्या प्रयोगामागची दृष्टि होती. ८ मार्च १९४८ रोजीं औंध संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें आणि प्रयोग संपला. नऊ वर्षें हा अवधि इतिहासांत फार थोडा. परंतु सत्ता वरून दिली जात नसून ती खालीं होतीच, ती अडविणारा हात फक्त काढावा लागतो, हें दाखविण्यास तेवढा पुरला.

स्वातंत्र्यानंतर कायद्यांची उणीव राहिली नाहीं. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा, १ मे १९६२ पासून सुरू झालेल्या जिल्हा परिषदा आणि २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती हे तीन टप्पे महाराष्ट्रांत सर्वपरिचित आहेत. घटनादुरुस्तीनें अनुसूचित जातिजमातींना लोकसंख्येच्या प्रमाणांत व स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा राखून दिल्या. २०११ सालीं महाराष्ट्रानें स्त्रियांचा वांटा निम्मा केला. बधिर हाताला मज्जातंतु जोडण्याचेंच हें काम होय. १९३२ सालीं बाबासाहेबांनीं मागितलेली हमी साठ वर्षांनीं सर्व देशाच्या घटनेंत लिहिली गेली.

पण तंतु जोडला म्हणजे संवेदना वाहूं लागतेच असें नाहीं. ग्रामसभेचें इतिवृत्त पूर्ण लिहिलेलें असतें, अंगठे व सह्या असतात, ठराव ‘सर्वानुमते’ मंजूर झालेला असतो. आणि तरीहि कोणी कांहीं बोललेलें नसतें. हें सर्वानुमत मोहोळाचें नव्हे, फेफऱ्याचें आहे. खरें सर्वानुमत कसें असतें तें गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा या गोंड वस्तीच्या गांवानें दाखविलें आहे. मेंढा-लेखा या नांवानें तें ओळखलें जातें. तेथें बहुमतानें निर्णय घेत नाहींत. सर्वांची संमति होईपर्यंत थांबतात. एकानें हरकत घेतली तर विषय पुढच्या सभेस जातो. शिवाय निर्णयाच्या सभेहून निराळा असा अभ्यासगट आहे. त्यांत कायदा, जंगल, हिशेब यांचा विचार होतो, बाहेरच्या जाणत्यांनाहि विचारलें जातें, पण निर्णय ग्रामसभाच करते. शोध घेणाऱ्या माश्या आणि उठणारा थवा यांत जो भेद आहे तोच हा. २००९ सालीं या गांवाला सुमारें १८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला. देशांतील अशा पहिल्या गांवांपैकीं तें एक होय. बांबू कोणाचा, हा प्रश्न त्यानें सभेंत बसून सोडविला.

येथें एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. निसर्गाकडून राज्यशास्त्र शिकूं पाहणारे पुष्कळदां फसले आहेत. ज्यांना राजा हवा होता त्यांना मोहोळांत राजा दिसला. ज्यांना दुर्बळांना तुडवावयाचें होतें त्यांनीं जीवनकलहाचा आधार घेतला. माश्या एका राणीच्या मुली असतात. चांगलें घर मिळावें यांत त्या सर्वांचें हित एकच असतें. गांवांत तसें नसतें. कालव्याच्या तोंडाशीं शेत असलेल्याचें हित आणि शेपटाशीं शेत असलेल्याचें हित एक नव्हे. म्हणून माणसाला मोहोळाहून एक गोष्ट अधिक लागते: दुबळ्याच्या पाठीशीं उभा राहणारा कायदा. निसर्ग एवढेंच सांगतो कीं ज्ञान कसें गोळा होतें आणि चूक कशी टळते. कोणाचें दुःख मोजावयाचें हें मात्र माणसानें स्वतः ठरवावयाचें असतें. बाबासाहेबांचा आग्रह आणि सीलीचें निरीक्षण हीं एकमेकांचीं पूरकें आहेत, पर्याय नव्हेत.

सातशें वर्षांपूर्वीं अरणच्या माळ्यानें मळा सोडला नाहीं. कोणत्या वाफ्याला आज पाणी हवें, हें पंढरपुराहून कळणार नव्हतें. तें मळ्यांतच उभें राहून कळणार होतें. परंपरेनें त्या आग्रहाचा अवमान मानला नाहीं. उलट देवालाच पालखींत बसवून त्याच्या दाराशीं आणिलें. आज कायद्यानें मोडनिंबासारख्या प्रत्येक गांवाला ग्रामसभा दिली आहे. त्या सभेंत निकाल काय लागला यापेक्षां एकच गोष्ट पाहावी: सर्वांत मागें, दाराजवळ बसलेली एखादी बाई उठून ‘थांबा, आमच्या वस्तीला पाणी आलेलें नाहीं,’ असें म्हणते काय, आणि ती म्हणाली तर अध्यक्षाची लेखणी क्षणभर थांबते काय? ज्या गांवीं ती थांबते तेथें पालखी पोंचली असें समजावें.